मारणारे आणि मारले गेलेले

पुण्यातले जोशी-अभ्यंकर खून आमच्या संग्रामपुरात पोचले ते वर्तमानपत्रातून. खामगावच्या एस.टी.ने दुपारी अंक येई. वडील तो वाचून उशीखाली ठेवत, आम्हां पोरांच्या हाती लागू देत नसत. तरी चार नावे आम्हांला पाठ झाली : जक्कल, सुतार, जगताप, शहा. पुढे गावात भाड्याच्या व्हिडिओवर राजदत्त यांचा 'माफीचा साक्षीदार' (१९८६) पाहिला. घरी परतताना बोलणे झाले ते नाना पाटेकरांच्या डोळ्यांबद्दल. मारल्या गेलेल्यांपैकी एकाबद्दलही मला दोन वाक्ये सांगता आली नसती.

जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा खून झाले. करणारे अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली.

याच प्रकरणाचा धागा घेऊन अनुराग कश्यप यांनी 'पाँच' हा आपला पहिला चित्रपट केला. २००१ मध्ये परिनिरीक्षण मंडळाने त्याला प्रमाणपत्र नाकारले. हिंसा, अमली पदार्थ आणि शिवराळ भाषा हे आक्षेप होतेच. शिवाय चित्रपटात एकही भले पात्र नाही, समाजाला संदेश नाही, असेही म्हटले गेले. १९९१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत चित्रपटाने निकोप करमणूक करावी आणि गुन्ह्याची कार्यपद्धती दाखवू नये, अशी अपेक्षा आहे. मंडळाने तिचा आधार घेतला. पुढे काटछाटीनंतर प्रमाणपत्र मिळाले, पण निर्मात्याच्या अडचणींमुळे चित्रपट अडकून पडला.

या वादात बहुतेक समीक्षक दिग्दर्शकाच्या बाजूने उभे राहिले, आणि ते योग्यच होते. भले पात्र हवेच, हा नियम लावला तर निम्मे चांगले साहित्य बाद होईल. तरीही मला वाटते की, दोन्ही पक्ष एकाच बाजूला पाहत होते. मारणारे कसे दाखवले, एवढाच प्रश्न त्यांच्यापुढे होता. 'पाँच'मध्ये मारला जाणारा मित्र अपहरणाच्या बनावात स्वतःच सामील असतो. प्रत्यक्षातला पहिला बळी त्याच महाविद्यालयातला विद्यार्थी होता. त्याला फसवून नेले होते. कथेतल्या या एका फेरफाराने बळीच्या माथीही थोडा दोष येतो. रक्त किती सांडले, याची मोजदाद झाली. या फेरफाराची चर्चा फारशी झाली नाही.

१ डिसेंबर १९७६ च्या रात्री भांडारकर रस्त्यावरच्या घरात पाच जण मारले गेले. त्यांत काशीनाथशास्त्री अभ्यंकर होते. त्यांच्या वडिलांनी, वासुदेवशास्त्रींनी, पतंजलीच्या महाभाष्याचे मराठी भाषांतर केले; त्याचा प्रस्तावनाखंड काशीनाथशास्त्रींनी लिहिला. संस्कृत व्याकरणातल्या संज्ञांचा त्यांनी इंग्रजीत रचलेला कोश १९६१ मध्ये बडोद्याहून निघाला. आजही अभ्यासक तो उघडतात.

हा कोश मी पहिल्यांदा हाती घेतला तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. मुखपृष्ठावरचे नाव वाचून थबकलो. हे आडनाव मला लहानपणापासून ठाऊक होते, पण एका खटल्याचे नाव म्हणून. हिंसक चित्रपटावर बंदी नको, या मताचा मी आजही आहे. मात्र असा चित्रपट पाहून उठताना एक प्रश्न स्वतःला विचारतो : जो मेला, तो कोण होता हे मला कळले का?