खोल समुद्रातील मासेमारी : साठा, हक्क आणि कायदे

किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण 22 किलोमीटरपर्यंतच्या मासेमारीचे नियमन राज्य सरकार करते. त्यापुढे 200 सागरी मैलांपर्यंत भारताचे अनन्य आर्थिक क्षेत्र असून तिथला अधिकार केंद्राकडे आहे. 1976 च्या कायद्याने हा हक्क निश्चित झाला.

किनाऱ्यावरची गर्दी

बांगडा, तारली, कोळंबी ही आपल्या रोजच्या जेवणातली मासळी मुख्यतः उथळ पाण्यातली. गोव्यात ट्रॉलर वाढले तेव्हा त्यांचा आणि रापणकारांचा संघर्ष याच पट्ट्यात झाला. 1970 च्या दशकातील रापणकारांच्या आंदोलनानंतर 1980 चा गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. किनाऱ्यालगतचा हा ताण हलका करण्यासाठी खोल समुद्राकडे वळावे, असा विचार पुढे आला.

खोल पाण्यात काय आहे?

दूरच्या पाण्यात मुख्यतः कुपा म्हणजे ट्युना, तसेच सागरी माकूल मिळतात. कुपा पकडण्यासाठी अनेक किलोमीटर लांबीच्या दोरीला शेकडो गळ लावतात. साठ्यांचे सर्वेक्षण भारतीय मत्स्य सर्वेक्षण ही संस्था करते. 1946 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या या संस्थेचे एक केंद्र मुरगाव येथे आहे.

सावधगिरी का?

तळाशी राहणारे अनेक मासे सावकाश वाढतात आणि उशिरा प्रजननक्षम होतात. यकृताच्या तेलासाठी पकडले जाणारे खोल पाण्यातले काही मुशी त्यातलेच. त्यांचा साठा एकदा घटला की भरून यायला फार काळ लागतो. कुपा तर देशांच्या सीमा ओलांडत फिरतो. म्हणून हिंद महासागर ट्युना आयोगाने 2016 मध्ये पिवळ्या पराच्या कुप्याची पकड कमी करण्याचा ठराव केला.

मासळी कोणाची?

1991 च्या धोरणाने परदेशी भागीदारीतील जहाजांना वाट मोकळी केली. देशभरातील मच्छीमारांनी त्याविरुद्ध आंदोलन केले. 1996 मध्ये मुरारी समितीने हे परवाने रद्द करून स्थानिक मच्छीमारांना प्रशिक्षण व साहाय्य देण्याची शिफारस केली. तरीही 2002 मध्ये परवानगीपत्राची योजना आली. ती 2017 मध्ये बंद झाली. त्याच वर्षी अनन्य आर्थिक क्षेत्रात एलईडी दिव्यांवरील मासेमारी आणि जोडी ट्रॉलिंगवर बंदी आली.

नोव्हेंबर 2025 च्या नियमांनुसार या क्षेत्रात यांत्रिकी नौकांना प्रवेश-परवाना लागतो. लहान पारंपरिक होड्यांना सूट असून मच्छीमार सहकारी संस्थांना प्राधान्य आहे. मात्र दूर जाणारी नौका, बर्फाची सोय आणि डिझेल यांसाठी मोठे भांडवल लागते. ते भांडवल सहकारी संस्थांना परवडेल अशा अटींवर मिळाले, तरच कागदावरचे हे प्राधान्य प्रत्यक्षात येईल.