पेटी, मिशा आणि पैसेवारी

मी कविता करणारा माणूस. बी. ए. झालो तोही गणिताला वळसा घालून. पण गेल्या हिवाळ्यात दर्यापूरकडच्या माझ्या गावी गेलो, तेव्हा सातवीतली भाची एका स्पर्धा परीक्षेची पुस्तिका घेऊन पुढ्यात बसली. "मामू, या पेटीले मिशा काहून हायेत?" चित्रात एक आडवी चौकोनी पेटी, तिच्या पोटात एक उभी रेघ आणि दोन्ही बाजूंना एकेक मिशी. मला काही ते सुटेना. शाळेतल्या गुरुजींकडून आधी स्वतः शिकलो. मग गुरुजीच म्हणाले, आता पोरांना तुम्हीच सांगा.

पुस्तकातले आकडे पोरांच्या गळी उतरेनात, म्हणून अकरा पोरांना घरचा कापसाचा उतारा विचारून यायला सांगितले. एकरी क्विंटल आले ते असे : २, ३, ३, ४, ४, ५, ६, ६, ७, ८ आणि १४. चौदावाल्याकडे विहीर होती. शाळेच्या पटांगणात चुन्याने पट्टी आखली आणि ज्याचा जो आकडा त्यावर त्याला उभे केले. मधला म्हणजे सहावा पोरगा पाचावर, तो मध्यक. त्याच्या डावीकडच्या पाचांतला मधला तीनवर, उजवीकडचा सातवर. हे दोन चतुर्थक. तीन ते सात ही झाली पेटी.

पोरांची चूक इथेच होते. "मिशी आखूड, म्हंजे तिथं मानसं कमी," असे एकजण म्हणालाच. मी मोजायला लावले. तीनवाल्याच्या अलीकडे दोन, तीन आणि पाचच्या मध्ये दोन, पाच आणि सातच्या मध्ये दोन, सातच्या पलीकडे दोन. सगळीकडे दोन-दोनच! लांबी माणसे मोजत नाही, माणसे किती पांगली आहेत ते दाखवते. पेटीच्या लांबीची दीडपट सातात मिळवली की तेरा येतात. चौदावाला त्याही पलीकडे, म्हणून त्याला मिशीत जागा नाही. मिशी आठवर संपते आणि तो वेगळा ठिपका होऊन उभा राहतो.

ही रीत जॉन टुकी या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाची. १९७७ च्या त्याच्या पुस्तकामुळे ती जगभर गेली. संगणकातला 'बिट' हा शब्दही त्याचाच. शब्द घडवणाऱ्याबद्दल मला जरा जास्तच आपुलकी वाटते, हे कबूल करतो. मेरी एलिनॉर स्पियर या बाईंनी १९५२ मध्येच अशाच धर्तीचे चित्र छापले होते. त्यांचे नाव मात्र मागे राहिले.

पण आकड्यांनी पीक ओळखण्याची गोष्ट आपल्या वऱ्हाडाला नवी नाही. पूर्वी पीक नजरेने मोजत. सोळा आणे म्हणजे भरघोस. त्यावरून आणेवारी, पुढे पैसेवारी. पाटील-पटवाऱ्यांच्या या अंदाजावर शंका घेऊन विसाव्या शतकात वेगळी रीत आली. चिठ्ठी टाकावी तशी गावे निवडायची, त्यांतली वावरे निवडायची आणि वावरातला ठरावीक तुकडा कापून प्रत्यक्ष तोलायचे. हबॅक यांनी १९२० च्या दशकात बिहार-ओरिसात भातावर हे केले. कापसासाठी असे प्रयोग १९४० च्या दशकात आपल्या अकोला जिल्ह्यात झाले. त्यामागे वि. गो. पानसे होते. त्यांनी सातारा जिल्ह्यातल्या बुधच्या पां. वा. सुखात्मे यांच्याबरोबर शेती संशोधकांसाठी संख्याशास्त्राचे पुस्तक लिहिले, ते १९५४ मध्ये निघाले. तेव्हा देशाचे कृषिमंत्री होते आपले पापळचे पंजाबराव देशमुख.

मोजणी सुधारली, तरी पैसेवारी गावाला एकच. पन्नास पैशांच्या खाली आली तर टंचाईची सवलत, वर राहिली तर काही नाही. अनेक वर्षे हाच दंडक होता. आमचा खारपाणपट्टा. विहिरीचे पाणी खारट, पिकाला देता येत नाही. त्यामुळे विहीर लाभलेला एखादाच. मी लहान असताना एका वर्षी गावाची पैसेवारी पन्नासच्या वर लागली. अब्बांच्या वावरात त्या साली पऱ्हाटीला बोंडे नव्हती. ते कागद घेऊन एका कार्यालयात गेले आणि संध्याकाळी तोच कागद घेऊन परत आले. अम्मीच्या हातातल्या बांगड्या त्या दिवाळीनंतर दिसल्या नाहीत.

म्हणून पटांगणात मी पोरांना सरासरीही काढायला लावली. बेरीज बासष्ट, भागिले अकरा, म्हणजे साडेपाचाच्या थोडी वर. मग चौदावाल्याला बाजूला केले. उरले अठ्ठेचाळीस, भागिले दहा. सरासरी पाचाच्याही खाली आली. एक माणूस हलला आणि गावाचा आकडा हलला. मध्यक मात्र पाचावरून साडेचारावर, तेवढाच सरकला.

दोनवर उभी असलेली मुलगी इतका वेळ गप्प होती. तिने चुन्यावरचा पाय हलवला नाही. म्हणाली, "मंग त्या साडेपाचात माह्या बाबाचे दोन कुठं गेले?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिले. मी खडू तिच्या हातात दिला आणि पेटीची डावी मिशी तिलाच काढायला सांगितली. तिने ती काढली आणि टोकाशी बाबाचे नाव लिहिले.