मूळ गायक कोण?

आमच्या काळेवाडीत एका दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये रविवारी संध्याकाळी कराओके चालतं. येणारे बहुतेक कंपनीतून रिटायर झालेले. कुणी लेथवर आयुष्य काढलेलं, कुणी पेंटशॉपमध्ये. माइक हातात आला की प्रत्येक जण आधी सिनेमा सांगतो, संगीतकार सांगतो, मग मूळ गायक. त्यानंतर सूर ठरवायला लॅपटॉपवर बसलेल्याला हाक जाते, ‘काळी दोन लाव रे.’ आणि मग गाणं. याच गाण्याचा व्हिडिओ घरातला नातू इंटरनेटवर टाकतो तेव्हा त्याच्याखाली एकच शब्द लिहितो : कव्हर.

या शब्दाचं कूळ बाजारातलं आहे. अमेरिकेत १९०९ च्या कायद्याने ठरलं, की एखाद्या गाण्याची परवानगीने एकदा रेकॉर्ड निघाली, की पुढे ते कुणीही रेकॉर्ड करावं. दर प्रतीमागे दोन सेंट द्यावेत. हे पैसे जायचे गाणं ज्याच्या मालकीचं त्याला, म्हणजे गीतकार-संगीतकाराला किंवा त्यांच्या प्रकाशकाला. पहिल्यांदा ज्याच्या गळ्यातून ते निघालं, त्याला काही नाही. मग एका कंपनीचं गाणं चालायला लागलं, की दुसरी कंपनी घाईघाईने आपल्या गायकाकडून तेच गाऊन घ्यायची, बाजारातला आपला वाटा सुटू नये म्हणून. त्याला ‘कव्हर’ म्हणू लागले. याची झळ सर्वांत जास्त बसली काळ्या गायकांना. बिग मामा थॉर्न्टन या बाईंचं ‘हाउंड डॉग’ १९५३ मध्ये रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. तीन वर्षांनी तेच एल्व्हिस प्रेस्लीने गायलं आणि जगाच्या लेखी ते त्याचं झालं. लिटल रिचर्डचं ‘टुटी फ्रुटी’ १९५५ चं. पुढच्याच वर्षी पॅट बूनने ते गोऱ्या घरांत चालेल अशा बेताने गायलं, आणि त्याचीच रेकॉर्ड यादीत वर गेली.

पुढे रॉकवाल्यांनी या शब्दाचा अर्थ फिरवला. नाव झालं, पैसा झाला, आणि मग त्यांनी लहानपणी रेडिओवर ऐकलेली सोल आणि ब्लूजची गाणी अख्ख्या अल्बमभर गायली. रॉड स्टुअर्टचा ‘सोलबुक’ २००९ चा. ब्रूस स्प्रिंगस्टीनने सत्तरी ओलांडल्यावर, २०२२ मध्ये, ‘ओन्ली द स्ट्राँग सर्व्हाइव्ह’ हा सोलच्या जुन्या गाण्यांचा अल्बम काढला. आपला आवाज कुणाकुणाच्या आवाजावर पोसला, ते सांगायचा हा मार्ग. मला तो मनापासून आवडतो.

पण आपल्याकडे ही रीत त्याहून जुनी आहे, आणि तिला शब्दही आहे : चाल. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ १८८० चं, ‘सौभद्र’ १८८२ चं. या संगीत नाटकांची जुनी पुस्तकं कुठे मिळाली तर उघडून पाहा. पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरात ‘चाल :’ असं लिहिलेलं असतं आणि पुढे दुसऱ्याच गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द. कधी कीर्तनातलं पद, कधी लावणी, कधी चक्क कानडी गाणं. अण्णासाहेब मूळचे बेळगावकडचे, ती गाणी त्यांच्या कानातलीच. गावोगावच्या नटाला स्वरलिपी कुठून यायची? एवढ्या दोन शब्दांवर तो अख्खं पद उभं करायचा. ती ओळ होती सोयीची, पण तिच्यामुळे पद कुठून आलं तेही आपसूक छापलं जायचं. उसन्याची नोंद, उघड, ठसठशीत. आमच्यापासून देहू किती लांब? तिथल्या तुकोबांचा एकच अभंग इथल्या दोन भजनी मंडळांत दोन चालींत ऐकायला मिळतो, आणि त्यातली एक सिनेमाची असली तरी बुवा ते लपवत नाहीत.

या वंशावळीत मास्टर दीनानाथ फार महत्त्वाचे. खाडिलकरांचं ‘मानापमान’ १९११ चं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. दीनानाथांनी पुढे बलवंत संगीत मंडळीत त्यातली काही पदं स्वतःच्या चालीत गायली. पद तेच, अंगात वीज आल्यासारखं. १९४२ च्या एप्रिलमध्ये ते पुण्यात गेले, तेव्हा त्यांची मुलगी आशा आठ वर्षांची होती. याच आशाबाईंनी पुढे सिनेमात क्लबातली गाणी गायली, पाश्चात्त्य ठेका गळ्यात मुरवला, आणि वडिलांची नाट्यपदंही रेकॉर्ड केली. ‘युवती मना’ त्यांच्या आवाजात ऐका. तान तशीच उसळून येते, पण आवाजाला मायक्रोफोनची सवय आहे. थिएटरच्या शेवटच्या रांगेसाठी ताणलेला तो नाही. शब्दाला त्या आधी हलकेच स्पर्श करतात, मग फेक. रॉकच्या गायकाने ब्लूजकडे परत जावं, तसं हे जाणं. माझ्या मते तर त्याहून अवघड, कारण इथे मूळ गायक हा बाप आहे आणि त्याला ऐकलं ते आठ वर्षांच्या कानांनी.

आशाबाईंच्या थोरल्या बहिणीने, लताबाईंनी, हेच १९९२ मध्ये ‘श्रद्धांजली’ या अल्बममध्ये केलं. सैगल, पंकज मलिक, हेमंतकुमार, गीता दत्त, रफी, मुकेश, किशोर यांची गाणी त्यांनी गायली आणि अल्बमचं नाव असं ठेवलं, की मूळ गायक कोण हा प्रश्नच राहू नये.

तो काळ व्हर्जन कॅसेटचा होता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात वाट होती : नोटीस द्या, रॉयल्टी आगाऊ भरा आणि दुसऱ्या आवाजात रेकॉर्ड करा. टी-सिरीजसारख्या कंपन्यांनी त्या वाटेने जुनी गाणी स्वस्तात घरोघर पोहोचवली, आणि सोनू निगमसारख्या गायकांचा सुरुवातीचा रियाज लोकांनी तिथेच ऐकला. आमच्या घरी पिंपरी कॅम्पातून आणलेल्या कॅसेटी असायच्या. रफीची कितीतरी गाणी मी आधी दुसऱ्याच्याच आवाजात ऐकली, त्यावर जीव लावला आणि त्या आवाजाचं बोट धरून मुळापर्यंत गेलो. म्हणून व्हर्जनला कुणी नावं ठेवली की मला वाईट वाटतं.

२०१२ च्या दुरुस्तीने नियम कडक झाले. पहिली रेकॉर्ड निघाली त्या वर्षानंतर पाच वर्षं थांबायचं, दरवर्षी किमान ५० हजार प्रतींची रॉयल्टी भरायची, वेष्टनावर हे कव्हर आहे असं छापायचं. आणि आधीच्या गायकाचं नाव किंवा चित्र तिथे टाकायचं नाही, गिऱ्हाईक फसू नये म्हणून. हेतू चांगला आहे, हे मला कळतं. पण नाट्यपदाच्या डोक्यावरची ती बारीक ओळ आठवते आणि चुटपुट लागते; जिथे ऋण छापायची आपली रीत, नेमकी तिथलीच जागा कोरी.

हॉलमध्ये माझ्या शेजारी बसणारे काका गाणी वहीत उतरवून आणतात. दोनशे पानी लाँगबुक, कोपरे दुमडलेले. मागच्या रविवारी मी ती मागून घेतली. प्रत्येक पानाच्या डोक्यावर लाल पेनाने सिनेमा, साल, संगीतकार, गायक. खाली निळ्या शाईत गाणं, समासात श्वास घ्यायच्या खुणा. एका पानावर साल खोडून पुन्हा लिहिलं होतं. ‘चुकलं होतं,’ ते म्हणाले, ‘मुलीने शोधून दिलं.’ मग नंबर आला, वही घेऊन ते उठले आणि माइकसमोर आधी ती लाल ओळ वाचू लागले.