मुक्काम घोडा ठरवतो

घोड्यावरची रपेट म्हटली, की मुंबई-पुण्याच्या वाचकाला आठवते ते माथेरान किंवा महाबळेश्वर. तासाभराचा फेरफटका, लगाम धरून पुढे चालणारा घोडेवाला आणि उतरताना काढलेले एखादे छायाचित्र. घोडा काय खातो, कोठे झोपतो, खोगिराने त्याची पाठ सोलवटली आहे काय, ही सारी चिंता घोडेवाल्याची असते. घोडा बरोबर घेऊन एकट्याने अनेक दिवसांची भटकंती करायची झाली, तर हे चित्र उलटते. स्वार, मोतद्दार, ओझी बांधणारा हमाल आणि वेळप्रसंगी पशुवैद्य या साऱ्या भूमिका एकाच माणसाकडे येतात. जगात अनेक ठिकाणी अशी भ्रमंती करणारे हौशी प्रवासी आहेत. त्यांच्या अनुभवाचे सार एका वाक्यात सांगता येते. किती किलोमीटर कापले यावरून असा प्रवास मोजायचा नसतो; घोडा कोणत्या अवस्थेत परत आला यावरून तो मोजायचा असतो.

चिफेली आणि त्याचे दोन घोडे

या प्रकारातील सर्वाधिक गाजलेला प्रवास एमे फेलिक्स चिफेली याचा. १८९५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला हा गृहस्थ अर्जेंटिनातील एका इंग्रजी शाळेत शिक्षक होता. एप्रिल १९२५ मध्ये दोन घोडे घेऊन तो ब्यूनोस आयर्सहून निघाला आणि सुमारे १६ हजार किलोमीटरचा प्रवास करून सप्टेंबर १९२८ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचला. निघताना अनेकांनी त्याला वेड्यात काढले होते.

त्याच्या घोड्यांची नावे मांचा आणि गातो. स्पॅनिश भाषेत मांचा म्हणजे डाग आणि गातो म्हणजे मांजर. दोघेही ‘क्रिओयो’ जातीचे. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात दक्षिण अमेरिकेत आणलेल्या घोड्यांचे वंशज तेथील माळरानांवर रानटी झाले. शतकानुशतके थंडी, दुष्काळ आणि निकस गवत यांतून जे तगले, त्यांची ही जात. मांचा आणि गातो दिसायला देखणे नव्हते, वयानेही तरुण नव्हते. पण पॅटागोनियाच्या उजाड मुलखात वाढल्यामुळे मिळेल त्यावर भागवण्याची त्यांना सवय होती. पशुवैद्य आणि क्रिओयो जातीचे पुरस्कर्ते एमिलिओ सोलानेत यांनी हे घोडे चिफेलीला दिले.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी तट्टू उंचीने लहान, पण काटक. मराठ्यांच्या चपळ घोडदळाची भिस्त अशाच जनावरांवर होती. लांबच्या वाटेवर देखणेपणापेक्षा काटकपणा आणि शांत स्वभाव अधिक मोलाचा ठरतो.

ओझ्याचे गणित

घोड्याने त्याच्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांपर्यंत भार वाहावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. या भारात स्वाराबरोबर खोगीरही धरायचे असते. समजा, घोड्याचे वजन ४०० किलो आहे. म्हणजे मर्यादा ८० किलोची. स्वार ६५ किलोचा आणि खोगीर, लगाम वगैरे सरंजाम १२ किलोचा धरला, तर उरतात अवघे तीन किलो. तंबू, शिधा, भांडी, पांघरूण आणि घोड्याची चंदी तीन किलोंत बसत नाही. येथेच घोडे पेंड खाते.

त्यावर दोनच उपाय आहेत. एक, दुसरा घोडा ओझ्यासाठी घ्यावा. चिफेलीने तेच केले. एकावर स्वारी आणि दुसऱ्यावर सामान, अशी पाळी तो बदलत राही. दुसरा उपाय म्हणजे घोड्यावर फक्त सामान लादून आपण त्याच्या शेजारून पायी चालावे. नवख्या माणसासाठी हा दुसरा मार्ग अधिक शहाणपणाचा आहे. स्वार तोल सांभाळतो, घोड्याच्या चालीबरोबर हलतो. सामान मात्र निर्जीवपणे पाठीवर आदळत राहते. म्हणून सामानाचे वजन स्वाराहून कमी, साधारणतः ५० किलोंच्या आसपास ठेवतात. दोन्ही बाजूंच्या पिशव्या ताणकाट्याने तोलून घ्याव्या लागतात. एक-दोन किलोंचा फरकही दिवसभरात खोगीर एका बाजूला ओढतो.

निरुपयोगी भरण्याला मराठीत ‘खोगीरभरती’ म्हणतात. घोड्याबरोबर चालणाऱ्याला या शब्दाचा अर्थ पहिल्याच चढावर कळतो. आणि स्वारी करीत असलो तरी अधूनमधून उतरून काही मिनिटे पायी चालणे, तसेच तीव्र उतारावर न बसणे, हा जुन्या घोडदळांपासून चालत आलेला शिरस्ता आहे.

दिवसाची आखणी

घोडा चालीने ताशी पाच-सहा किलोमीटर जातो. तेव्हा आठ तासांत ४० किलोमीटर सहज होतील, असे वाटते. कागदावर हा हिशेब बरोबर आहे, पण त्यात घोड्याचे पोट धरलेले नाही. ४०० किलोंच्या घोड्याला दिवसाला सुमारे आठ किलो कोरडा चारा लागतो. ओल्या गवतात तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक पाणीच असल्यामुळे तेवढे पोषण मिळवायला ३० ते ४० किलो गवत खावे लागते. मोकळ्या रानात घोडा दिवसाचा अर्ध्याहून अधिक वेळ चरत असतो, तो याच कारणाने. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते; एकदाच भरपूर खाऊन पुढे दिवसभर चालणे त्याला जमत नाही.

म्हणून दिवस चराईभोवती आखावा लागतो. पहाटे चराई, मग चार-पाच तासांची चाल, दुपारी खोगीर उतरवून विश्रांती व पाणी, आणि सूर्यास्तापूर्वी पुन्हा दीर्घ चराई. अशा रीतीने सरावलेल्या घोड्यासह दिवसाला २५ ते ३० किलोमीटर होतात. पहिल्या आठवड्यात १५ ते २० पुरेत. चार-पाच दिवसांनी एक पूर्ण विश्रांतीचा दिवस हवाच.

गवत कमी पडेल तेथे तोबऱ्यातून चंदी द्यावी लागते, पण तिचे प्रमाण हळूहळू वाढवावे. घोड्याला ओकारी होत नाही. अचानक भरपूर दाणा पोटात गेला, तर पोटशूळ उठतो किंवा खुरांच्या आतील भागाला सूज येते. दोन्ही गोष्टी त्याच्या जिवावर बेतू शकतात. पाणी दिवसाला २५ ते ४० लिटर लागते, उन्हाळ्यात त्याहूनही अधिक. ते बरोबर नेणे शक्य नसते. त्यामुळे नकाशावर आधी पाणवठे, मग कुरणे आणि शेवटी प्रेक्षणीय स्थळे, या क्रमाने खुणा कराव्या लागतात. पेरूच्या किनारपट्टीवरील वाळवंटांतून जाताना चिफेलीचे टप्पे पाणीच ठरवीत होते. त्यांतील एका वाळवंटाचे नावच ‘घोडेमार’ अशा अर्थाचे आहे.

पाठ आणि खूर

बहुतेक फसलेल्या प्रवासांचे कारण अगदी क्षुल्लक असते. खोगिराखालच्या घोंगडीला पडलेली घडी, त्यात अडकलेले कुसळ, किंवा सैल राहिलेला तंग. सकाळी खोगीर चढवण्यापूर्वी खरारा करावा आणि उघड्या तळहाताने पाठ चाचपावी. संध्याकाळी खोगीर उतरवल्यावर पुन्हा तेच. घामाच्या ओल्या ठशात मध्येच कोरडा डाग दिसला, तर तेथे खोगीर जास्त दाबत आहे असे समजावे. रुपयाच्या नाण्याएवढी सूज आली, तरी दुसऱ्या दिवशी त्या पाठीवर काही ठेवू नये. आज दुर्लक्षिलेली सूज उद्या जखम होते आणि ती जखम भरायला कित्येक आठवडे जातात.

खुरांचेही तसेच. दिवसातून किमान दोनदा चारही पाय उचलून आतील खडे-माती काढावी लागते. नाल साधारणतः सहा ते आठ आठवड्यांनी बदलावे लागतात. निघण्यापूर्वी ते बदलून घ्यावेत, आणि सैल झालेला नाल निदान सुरक्षितपणे काढता येईल एवढे काम नालबंदाकडून शिकून घ्यावे.

घोड्याची प्रकृती ओळखण्याची काही साधी मापे आहेत. विश्रांतीच्या वेळी त्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ असतात आणि शरीराचे तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास. लांब पल्ल्याच्या अश्वशर्यतींत प्रत्येक टप्प्यानंतर ठरावीक वेळात ठोके ६४ किंवा त्याखाली आले नाहीत, तर पशुवैद्य घोड्याला बाद करतो. एकट्या प्रवाशाबरोबर असा पंच नसतो. ते काम त्याला घड्याळ हाती घेऊन स्वतःच करावे लागते.

रात्र

मराठ्यांच्या पागेत घोडा अगाडी-पिछाडीने, म्हणजे पुढच्या आणि मागच्या दोरांनी, बांधत. आजचे प्रवासी दोन झाडांमध्ये उंच ताणलेल्या दोराला घोडा बांधतात, मेखेला लांब दोर लावतात किंवा पायबंद घालून चरायला सोडतात. कोणतीही पद्धत असो, तिची सवय घरी आठवडे-महिने आधी लावावी लागते. अनोळखी रानात पहिल्यांदाच पायबंद पाहिलेला घोडा बिथरतो आणि स्वतःला इजा करून घेतो.

ऑस्ट्रेलियाचा टिम कोप २००४ मध्ये मंगोलियातून घोड्यांसह निघाला आणि २००७ मध्ये हंगेरीला पोहोचला. प्रवास सुरू होऊन काही दिवस होतात न होतात, तोच रात्री त्याचे घोडे चोरीला गेले. ते परत मिळाले म्हणून पुढचा प्रवास झाला.

घोडा उभ्याने डुलकी घेतो. परंतु गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ तरी आडवे व्हावे लागते, आणि सुरक्षित वाटल्याशिवाय तो आडवा होत नाही. कळपात एक झोपतो तेव्हा दुसरा जागा असतो. एकट्या घोड्याला असा पहारेकरी नसतो. प्रवास माणसाच्या बाजूने एकट्याचा असला, तरी घोडा कळपातलाच प्राणी राहतो. दुसरा घोडा म्हणूनच केवळ ओझ्यासाठी नसतो. अनोळखी माणसाची चाहूल मांचाला चटकन लागे, याचा उपयोग चिफेलीलाही झाला.

माणसाची काळजी

पडणे हा एकट्या स्वारापुढील सर्वांत मोठा धोका. शिरस्त्राण घालावेच. दोर हाताला कधीही गुंडाळू नये. भ्रमणध्वनी, चाकू, काडेपेटी व औषधे खोगिराच्या पिशवीत न ठेवता अंगावर ठेवावीत. बिथरलेला घोडा पळाला, तर पिशवी त्याच्याबरोबर जाते. मार्गाची प्रत घरी द्यावी आणि निरोप किती दिवस आला नाही तर शोध सुरू करायचा, हे आधीच ठरवावे. भारतात परवान्याविना उपग्रह दूरध्वनी बाळगणे बेकायदा आहे, हे ध्यानात असू द्यावे. राखीव जंगलातून घोडा नेण्यासाठी वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. देशाची सीमा ओलांडायची असेल, तर घोड्याच्या रक्ततपासण्या आणि प्रमाणपत्रे आलीच.

सह्याद्रीतील कातळकोरीव पायऱ्यांचे गड घोड्यासाठी नव्हेत. या छंदाची ओढ असेल, तर निदान एक हंगाम लडाख किंवा हिमाचलातील घोडेवाल्यांबरोबर चालावे. ओझे कसे बांधतात, नदी कोठे ओलांडतात आणि घोडा चालण्यास नाखूश असेल तर त्याचे कारण कसे शोधतात, हे त्यांच्याकडूनच शिकता येते.

थांबण्याचा निर्णय

घोडा तक्रार करीत नाही. कळपातला प्राणी दुखणे लपवतो. कानांची ठेवण, खाण्यातील मंदपणा, पावलातील सूक्ष्म फरक एवढ्यावरूनच त्याचा नकार ओळखावा लागतो. बरोबर दुसरा माणूस असता, तर त्याने आपल्याला थांबवले असते. एकट्याला स्वतःलाच थांबवावे लागते, आणि नेमके तेच सर्वांत कठीण असते. मुक्काम दोन तासांवर दिसत असतो, सुटी संपत आलेली असते आणि घोडा किंचितच लंगडत असतो.

चिफेलीचा प्रवास येथे पुन्हा आठवतो. कोलंबिया आणि पनामा यांच्यामधील दारिएनच्या दलदलीत त्याने घोडे घातले नाहीत; तो टप्पा जहाजाने पार केला. दक्षिण मेक्सिकोत गातो लंगडा झाला, तेव्हा त्याला रेल्वेने मेक्सिको शहरात पाठवले आणि तो बरा झाल्यावर पुन्हा बरोबर घेतले. पुढे अमेरिकेतील मोटारींच्या गर्दीत दोन घोडे सांभाळणे धोक्याचे ठरू लागले, तेव्हा सेंट लुईस येथे गातोला मागे ठेवून तो एकट्या मांचासह पुढे गेला. दोन्ही घोड्यांनी प्रत्येक पाऊल चालूनच पुरे करावे, असा हट्ट त्याने धरला असता, तर कदाचित एकही घोडा परतला नसता.

दोघेही अर्जेंटिनाला परतले. गातो १९४४ मध्ये आणि मांचा १९४७ मध्ये मरण पावला. दोघांचीही शरीरे पेंढा भरून लुहान येथील संग्रहालयात जतन केलेली आहेत. न्यूयॉर्कला पोहोचण्याचा दिवस, २० सप्टेंबर, अर्जेंटिनात राष्ट्रीय अश्वदिन म्हणून पाळला जातो. चिफेली १९५४ मध्ये वारला. त्या दिवसाला त्याचे नाव नाही, घोड्याचे आहे. या प्रवासाचे श्रेय कोणाचे, याबद्दल त्याचीही तक्रार नसावी.