अँटिव्हायरस : घरगुती संगणकासाठी निवड

अँटिव्हायरस म्हणजे संगणकात शिरलेला किंवा शिरू पाहणारा घातक प्रोग्रॅम ओळखून त्याला अडवणारे, बाजूला कोंडून ठेवणारे किंवा पुसून टाकणारे सॉफ्टवेअर. नाव व्हायरसचे असले, तरी आज त्याची गाठ वर्म, ट्रोजन, हेरगिरी करणारे प्रोग्रॅम आणि फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे रॅन्समवेअर अशा सगळ्याच मालवेअरशी पडते. ही नोंद विंडोजवर चालणाऱ्या घरच्या संगणकापुरती आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर हा अँटिव्हायरस मुळातच असतो आणि दुसरा काही बसवला नाही, तर आपोआप चालू राहतो. त्यामुळे निवडीचा विचार या अंगभूत अँटिव्हायरसपासून सुरू करणे सोयीचे. तो आपल्या घराला पुरतो का आणि पुरत नसेल तर नेमका कुठे कमी पडतो, हे आधी पाहावे; दुकानातली खोकी त्यानंतर.

पार्श्वभूमी : आयबीएम पीसीवरचा पहिला प्रसिद्ध व्हायरस ‘ब्रेन’ १९८६ मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी लिहिला. फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये बसणाऱ्या या व्हायरसात त्यांनी स्वतःचे नाव, दुकानाचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही घातले होते. आजच्या मालवेअर लिहिणाऱ्यांकडून असा मोकळेपणा अपेक्षित नाही. पुढच्या दोन-पाच वर्षांत अँटिव्हायरसचा धंदाच उभा राहिला. अमेरिकेत जॉन मॅकॅफी यांची कंपनी १९८७ मध्ये निघाली, चेकोस्लोव्हाकियात पाव्हेल बाउदिश आणि एदुआर्द कुचेरा यांच्या कामातून १९८८ मध्ये पुढच्या अवास्टची सुरुवात झाली आणि १९९१ मध्ये सिमँटेकने नॉर्टन अँटिव्हायरस बाजारात आणला.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर घरगुती संगणकाशी सर्वांत जोडलेले नाव पुण्याच्या क्विक हीलचे. कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर आणि नंतर संगणक दुरुस्त करत. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत व्हायरस सापडू लागले, तेव्हा संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी ते काढणारी साधने लिहिली आणि त्यातून १९९०च्या दशकाच्या मध्यास डॉसवर चालणारा क्विक हील तयार झाला. त्यांच्या कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस या कंपनीने २००७ मध्ये उत्पादनाचेच नाव घेतले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ती शेअर बाजारात नोंदली गेली. मुंबईच्या मायक्रोवर्ल्डचा ई-स्कॅन आणि चेन्नईचा के७ हे आणखी दोन भारतीय अँटिव्हायरस. संगणक जुळवून देणारा गल्लीतला इंजिनिअर मशीनसोबत यांतलेच एखादे खोके देतो, त्यामागे गिऱ्हाइकाची काळजी असते तसा विक्रेत्याचा नफाही असतो, हे लक्षात ठेवलेले बरे.

ओळखण्याची रीत : सर्वांत जुनी पद्धत म्हणजे माहीत असलेल्या मालवेअरच्या खुणांची यादी, जिला डेफिनिशन म्हणतात, जवळ ठेवून प्रत्येक फाइल तिच्याशी ताडून पाहणे. रोज नवे नमुने निघत असल्याने आठवडाभर अपडेट न झालेली यादी फारशी कामाची राहत नाही. म्हणून यादीत नसलेल्या फाइलची रचना संशयास्पद आहे का, हे तपासले जाते. प्रोग्रॅम चालू झाल्यावर तो करतो काय, यावरही नजर असते; एखादा अनोळखी प्रोग्रॅम धडाधड शेकडो फोटो आणि दस्तऐवज एनक्रिप्ट करू लागला, तर नाव माहीत नसतानाही त्याला थांबवता येते. आता बहुतेक अँटिव्हायरस शंका आलेल्या फाइलची माहिती कंपनीच्या सर्व्हरला पाठवून तिथून निकाल मागवतात.

यांपैकी कोणतीही रीत अचूक नाही, आणि होणारही नाही. प्रत्येक व्हायरस ओळखेल आणि निर्दोष प्रोग्रॅमला कधीच दोषी ठरवणार नाही अशी पद्धत तत्त्वतःच अशक्य आहे, हे फ्रेड कोहेन यांनी १९८०च्या दशकातच गणिताने दाखवून दिले. ‘शंभर टक्के संरक्षण’ छापलेले खोके त्यामुळे पहिल्याच ओळीत खोटे बोलत असते. उलट बाजूची चूकही महागात पडते. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका सदोष अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक आवश्यक फाइल व्हायरस ठरवली आणि जगभरातले असंख्य संगणक पुन्हापुन्हा बंद-चालू होत बसले.

डिफेंडर पुरतो का : एके काळी पुरत नव्हता. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये फुकट दिलेले सिक्युरिटी इसेन्शियल्स २०१२ मध्ये जर्मनीतल्या माग्डेबुर्ग येथील एव्ही-टेस्ट या संस्थेच्या चाचणीत प्रमाणपत्र गमावून बसले होते. ‘विंडोजचा अँटिव्हायरस बिनकामाचा’ हे आजही ऐकू येणारे मत त्या काळातले आहे. त्यानंतर चित्र पालटले. एव्ही-टेस्ट संरक्षण, संगणकावर पडणारा भार आणि वापरसुलभता यांना प्रत्येकी ६ असे एकूण १८ गुण देते. अलीकडच्या वर्षांत डिफेंडर सहसा या गुणांच्या वरच्या टोकाशी असतो. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज ही दुसरी विश्वासार्ह चाचणीसंस्था. अँटिव्हायरस निवडताना ‘टॉप टेन’ याद्यांपेक्षा या दोन संस्थांचे लागोपाठ तीन-चार निकाल पाहावेत. एका चाचणीतला पहिला आणि पाचवा यांत फरक इतका थोडा असतो, की पुढच्या वेळी क्रम उलटू शकतो.

एव्ही-कम्पॅरेटिव्ह्जच्या चाचण्यांत एक गोष्ट सातत्याने दिसते: इंटरनेट तुटलेले असताना डिफेंडरची ओळखण्याची क्षमता बरीच घटते, कारण त्याचा मोठा भरवसा सर्व्हरवरच्या निकालावर आहे. मोबाइलचा हॉटस्पॉट दिवसातून थोडा वेळच जोडला जातो आणि फायली मुख्यतः पेनड्राइव्हने येतात, अशा घरासाठी हा मुद्दा मोठा आहे. झेरॉक्सच्या दुकानातून अर्ज प्रिंट करून आणला आणि पेनड्राइव्ह घरी लावला, तर सगळी फोल्डर शॉर्टकट झालेली. हा ‘शॉर्टकट व्हायरस’ खऱ्या फायली लपवतो आणि त्यांच्या जागी स्वतःला चालू करणारे दुवे ठेवतो. अशा घराने इंटरनेटशिवायही चांगले गुण मिळवणारा आणि पेनड्राइव्ह लावताक्षणी तपासणारा अँटिव्हायरस घेतला, तर तो पैसा वाया जात नाही.

दुसरी अडचण जुन्या विंडोजची. विंडोज ७ चे अपडेट १४ जानेवारी २०२० रोजी थांबले आणि विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. विंडोज १० च्या घरगुती ग्राहकाला त्यापुढे नोंदणी करून वर्षभर वाढीव सुरक्षा-अपडेट मिळण्याची सोय दिली गेली. अपडेट थांबलेल्या संगणकावर महागडा अँटिव्हायरस घालून निर्धास्त राहणे चुकीचे, कारण विंडोजमधलेच भगदाड तो बुजवू शकत नाही. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरने ज्या दोषाचा फायदा घेतला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेली होती.

डिफेंडरवरच राहायचे ठरवले, तर त्यातली एक सोय हाताने चालू करावी लागते. ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ ही २०१७ मध्ये आलेली व्यवस्था अनोळखी प्रोग्रॅमला दस्तऐवज आणि फोटोंच्या फोल्डरात बदल करू देत नाही. ती मुळात बंद असते, कारण सुरुवातीला ती एखाद्या निरुपद्रवी प्रोग्रॅमलाही अडवते आणि त्याला परवानगी द्यावी लागते. घरच्या लग्नाचे फोटो त्याच संगणकावर असतील, तर तेवढा त्रास सोसावा. तसेच त्यांची एक प्रत एरवी काढून ठेवलेल्या हार्डडिस्कवर असावी.

विकतचा अँटिव्हायरस : पैसे मोजले जातात ते ओळखण्याच्या क्षमतेपेक्षा भोवतीच्या गोष्टींसाठी अधिक: मुलांच्या वापरावर मर्यादा, बँकेच्या व्यवहारासाठी वेगळा ब्राउझर, व्हीपीएन, पासवर्ड सांभाळणारा प्रोग्रॅम आणि फोनवर बोलणारा माणूस. यांतली शेवटची गोष्ट चाचणीच्या तक्त्यात कधी येत नाही. मुले पुण्या-मुंबईत किंवा परदेशात आणि आई-वडील गावी एकटे, अशा घरात आपल्या भाषेत समजावून सांगणारी मदत-सेवा अर्ध्या गुणाच्या फरकाहून मोलाची ठरते. घेण्याआधी त्या क्रमांकावर एकदा फोन लावून पाहावा.

किंमत पाहताना पहिल्या वर्षाची सवलत बाजूला ठेवून नूतनीकरणाचा दर बघावा. तो पुष्कळदा बराच जास्त असतो. ऑनलाइन घेताना कार्डावर आपोआप वसुलीला संमती दिली जाते. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमांनुसार अशा वसुलीच्या किमान २४ तास आधी बँकेची सूचना यावी लागते. ती वाचली, तर नको असलेले नूतनीकरण थांबवता येते. दुकानातून खोके घेतल्यास आतली की आपल्यासमोर खरडून, लगेच चालू करून पाहावी. तीन संगणकांचा परवाना आहे की एकाचा, हेही खोक्यावर नीट वाचावे.

फुकटाचा हिशेब : अवास्टचा फुकट अँटिव्हायरस कोट्यवधी लोक वापरत. त्यातून गोळा झालेला ब्राउझिंगचा तपशील जंपशॉट या उपकंपनीमार्फत विकला जात असल्याचे जानेवारी २०२० मध्ये उघड झाले, तेव्हा कंपनीने जंपशॉट बंद केली. २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या प्रकरणी अवास्टला १.६५ कोटी डॉलर भरायला लावले. अँटिव्हायरस संगणकावरची प्रत्येक फाइल आणि उघडलेले प्रत्येक पान पाहू शकतो, त्यामुळे त्याची नियत हा तांत्रिक गुणांइतकाच निवडीचा निकष आहे. बाजारात वेगवेगळी दिसणारी नॉर्टन, अवास्ट, एव्हीजी आणि अविरा ही चारही नावे आता जेन डिजिटल या एकाच कंपनीची आहेत, हेही तुलना करताना माहीत असावे.

भरवशाचा प्रश्न देशांच्या राजकारणापर्यंत जातो. रशियन कॅस्परस्की चाचण्यांत कायम वरच्या क्रमांकांत असूनही अमेरिकेने जून २०२४ मध्ये त्याच्यावर बंदी घातली आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून तिथे त्याचे अपडेटही बंद झाले. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तो पर्याय उरलेला नाही. अपडेटची वाटही सुरक्षित हवी. ई-स्कॅनचे अपडेट एनक्रिप्ट न केलेल्या जोडणीवरून येत असल्याचा फायदा घेऊन हल्लेखोर वाटेतच त्यांच्या जागी मालवेअर घुसवत होते, असे अवास्टच्या संशोधकांनी एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. ई-स्कॅनने हा दोष जुलै २०२३ मध्ये दुरुस्त केला होता.

एकदाच तपासणी करायची असेल, तर केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर भारतीय कंपन्यांची फुकट साधने मिळतात. एखाद्याच फाइलची शंका असेल, तर ती व्हायरसटोटलवर चढवावी. तिथे अनेक अँटिव्हायरसचे निकाल एकत्र दिसतात. मात्र तिथे दिलेली फाइल इतर संशोधकांनाही मिळू शकते. आधार कार्डाची प्रत किंवा बँकेचे विवरण तिथे कधीही चढवू नये.

आवाक्याबाहेरचे : सर्वांत चांगला अँटिव्हायरसही मालकाने स्वतःच्या हाताने बंद केल्यावर काही करू शकत नाही. पेजमेकर, फोटोशॉप किंवा मराठी टायपिंगचे क्रॅक केलेले पॅकेज उतरवताना सोबतच्या सूचनेत ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ असे लिहिलेले असते, आणि ते निमूटपणे केलेही जाते. २०१८ पासून पसरलेले स्टॉप उर्फ डीजेव्हीयू हे रॅन्समवेअर मुख्यतः याच वाटेने घराघरांत गेले. ते ९८० डॉलर मागायचे, ७२ तासांत दिले तर ४९० डॉलर. एमसिसॉफ्टने ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याच्या १४८ उपप्रकारांसाठी फायली सोडवणारे फुकट साधन दिले, पण नंतरच्या बहुतेक उपप्रकारांना ते लागू पडत नाही.

फोनवरून होणारी फसवणूक हा तर वेगळाच प्रांत. ‘बिल थकले आहे, आज रात्री वीज तोडली जाईल’ असे संदेश पाठवून लोकांना गंडवले जाते, आणि महावितरणला त्याबद्दल ग्राहकांना सावध करावे लागले. पलीकडचा माणूस दुरून ताबा घेऊ देणारा एनीडेस्कसारखा प्रोग्रॅम घ्यायला लावतो. तो प्रोग्रॅम कायदेशीर असतो, वापरकर्त्यानेच बसवलेला असतो, त्यामुळे अँटिव्हायरस गप्प राहतो. पैसे गेले असतील, तर लगेच १९३० वर फोन करणे हा त्यावरचा उपाय. ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले’ असे ओरडणारे ब्राउझरमधले पान आणि न घेतलेल्या अँटिव्हायरसच्या नूतनीकरणाचे बिल पाठवणारा ई-मेल, हेही याच जातीचे.

बसवताना : एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तसे एका संगणकावर सतत जागे राहणारे दोन अँटिव्हायरस राहत नाहीत. दोघेही प्रत्येक फाइल एकाच वेळी तपासायला धावतात आणि यंत्र रेंगाळते. दुसरा अँटिव्हायरस नोंदला गेला, की डिफेंडर स्वतःहून बाजूला होतो, पण दोन विकतचे अँटिव्हायरस तसे करत नाहीत. नव्या लॅपटॉपवर कंपनीने घातलेला चाचणीचा अँटिव्हायरस मुदत संपल्यावर नुसता नूतनीकरणाची आठवण करून देत बसतो, म्हणून तो आधी काढून टाकावा. नेहमीच्या रीतीने निघाला नाही, तर त्याच कंपनीचे काढण्याचे खास साधन वापरून संगणक पुन्हा चालू करावा. मग ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून कोणता अँटिव्हायरस चालू आहे, ते पाहावे. संरक्षण खरोखर जागे आहे का, हे तपासण्यासाठी आयकार या युरोपीय संस्थेची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-फाइल मिळते. ती उतरवताच अँटिव्हायरसने हरकत घेतली नाही, तर त्याच्या सेटिंगपासून तपासायला सुरुवात करावी.