उराशिमा तारो
जपानमधील एक प्राचीन लोककथा व तिच्या नायकाचे नाव. दिलेला शब्द मोडल्याचे फळ दाखविणारी बालकथा म्हणून ती आज प्रसिद्ध असली, तरी वचनाचे कलम तिच्यात मुळात शिक्षेसाठी नव्हते. ते कोणत्या हेतूने आले आणि पुढे तो हेतूच कसा गळून पडला, हा या कथेच्या इतिहासातील सर्वांत उद्बोधक भाग होय.

प्रचलित कथेत समुद्रकाठी पोरे छळत असलेल्या कासवाची तारो नावाचा कोळी सुटका करतो व ते त्याला पाठीवर बसवून सागरतळीच्या नागराजाच्या र्‍यूगू नामक प्रासादात नेते. तेथील राजकन्या ओतोहिमे हिच्या आतिथ्यात दिवस सुखाने जात असता त्याला आईबापांची आठवण होते. निरोपाच्या वेळी ती एक पेटी देऊन ती कदापि न उघडण्याची ताकीद देते. गावी येऊन पाहतो तो शेकडो वर्षे लोटलेली, ओळखीचे कोणी उरलेले नाही. व्याकूळ होऊन तो पेटी उघडतो, आतून धूर निघतो आणि क्षणार्धात तो जख्ख म्हातारा होतो.

720 साली पूर्ण झालेल्या ‘निहोन शोकी’ या दरबारी इतिवृत्तात सम्राट युर्‍याकूच्या बाविसाव्या वर्षाखाली, म्हणजे परंपरागत गणनेने 478 मध्ये, योसा जिल्ह्यातील उराशिमाको याने धरलेले कासव स्त्री झाले व तिच्यासह तो होराई या अमरभूमीस गेला, एवढीच त्रोटक नोंद आहे. पेटीचा वा परतण्याचा तीत उल्लेख नाही. तपशील मिळतो तो आठव्या शतकातील ‘तांगो फुदोकी’ या प्रांताच्या कैफियतीत, जिचा हा भाग नंतरच्या एका ग्रंथातील उताऱ्यामुळे वाचला. तीन दिवस, तीन रात्री गळ टाकूनही मासा न मिळालेल्या नायकाच्या हाती पंचरंगी कासव लागते, आणि दिव्यलोकाच्या दाराशी त्याला आधी सात व मग आठ बालके भेटतात, ती म्हणजे कृत्तिका आणि रोहिणीपुंज यांचे तारे! तेथील तीन वर्षे म्हणजे इकडची तीनशे. ब्रह्मलोकी क्षणभर थांबून आलेल्या ककुद्मी राजाची पौराणिक कथा मराठी वाचकास येथे सहज आठवेल. मात्र पेटीची अट येथे सकारण आहे : मला विसरणार नसशील व पुन्हा येऊ इच्छीत असशील तर ही घट्ट धर, उघडू नकोस, असे त्या कासवरूपी देवकन्येचे सांगणे असते. पेटी हा परतीचा परवानाच होता. गावी परतल्यावर दहा दिवस भटकून, ती कुरवाळीत प्रियेचे स्मरण करता करता, तो दिलेला शब्द विसरतो. प्रेमाच्या आठवणीनेच वचन मोडावे, ही या पाठातील खरी करुणा.

‘मान्योशू’ या काव्यसंग्रहात ताकाहाशी नो मुशिमारो याने मात्र नायकाला सरळ मूर्ख ठरविले आहे. त्याच्या दीर्घकाव्यात कासव नाही आणि शेवट मृत्यूत होतो. मुरोमाची काळातील गद्यकथेत सातशे वर्षे लोटतात, नायकाचे वय कासवाने पेटीत घडी करून ठेवलेले असते, आणि वृद्ध झालेला नायक करकोचा होऊन उडतो व पुढे देवपदास पोहोचतो.

मेजी काळात इवाया साझानामी याने 1894 ते 1896 या काळात काढलेल्या लोककथामालेतून आणि त्यानंतर 1910 चे सरकारी क्रमिक पुस्तक व 1911 चे शालेय गीत यांमधून आजचे रूप रूढ झाले. करकोचा गेला, पेटीचे प्रयोजनही गेले. उरली ती नुसती मनाई. म्हणूनच दयाळू नायकाच्या पदरी शिक्षा का, या बालवाचकाच्या प्रश्नाला शालेय पाठाकडे उत्तर नाही. वचनपालनाचा धडा म्हणून तो दुबळाच म्हणावा लागेल. दाझाई ओसामू याने 1945 मध्ये ही कथा पुन्हा लिहिताना हीच अडचण हेरली आणि ते आकस्मिक वार्धक्य शिक्षा नसून विस्मरणाचे वरदान आहे, असा अर्थ लावला.

क्योतो प्रांतातील इने येथे उराशिमाचे देऊळ असून त्याच्या जीवनावरील जुनी चित्रगुंडाळी तेथे जतन केलेली आहे. देवळाच्या परंपरेनुसार तो 478 मध्ये गेला व 825 मध्ये परतला. अर्थात ‘निहोन शोकी’चे लेखनिक त्याच्या प्रस्थानाची नोंद करीत होते, तेव्हा या हिशेबाने त्याच्या परतण्यास अजून 105 वर्षे अवकाश होता.