मेळघाटातील जनगणना

मेळघाटातील जनगणना या लेखात अमरावती जिल्ह्यातील सेमाडोह व परिसरातील डोंगरी वस्तीची ब्रिटिश काळापासून झालेली गणना आणि त्या गणनेतील वर्गवारी यांचा आढावा घेतला आहे. सेमाडोह हे चिखलदरा तालुक्यातील सिपना नदीकाठचे गाव असून या भागात कोरकू समाजाची वस्ती मोठी आहे.

इतिहास

१८५३ च्या तहानुसार वऱ्हाडचा कारभार निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे आला. प्रांताची पहिली जनगणना १८६७ मध्ये झाली. तीत लोकसंख्या सुमारे २२.२८ लाख भरली. १८९१ मध्ये ती सुमारे २८.९७ लाख होती; १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांनंतर १९०१ मध्ये ती सुमारे २७.५४ लाखांवर आली.

वर्गवारी

वसाहतकालीन जनगणनेत प्रत्येक व्यक्तीला धर्म, जात व भाषा यांच्या ठरावीक रकान्यांत बसवले जाई. आदिवासींच्या उपासनापद्धतींसाठी ‘जडप्राणवादी’, पुढे १९३१ मध्ये ‘आदिवासी धर्म’ असे रकाने होते. त्यामुळे एकाच समाजातील काही जण हिंदू, तर काही जण या रकान्यात नोंदले जात. अशा वर्गवारीमुळे लवचिक सामाजिक ओळखी पक्क्या झाल्या, असे प्रतिपादन मानवशास्त्रज्ञ बर्नार्ड कोन यांनी केले आहे.

स्वातंत्र्योत्तर काळ

१९५१ पासून जातनिहाय गणना अनुसूचित जाती व जमातींपुरती मर्यादित राहिली. विदर्भातील अनेक जमातींना आरंभी ठरावीक तालुक्यांतच अनुसूचित दर्जा होता. मेळघाट हा त्यांपैकी एक होता. १९७६ च्या कायद्याने हे क्षेत्रबंधन उठले. महाराष्ट्रातील अनुसूचित जमातींची नोंदलेली संख्या १९७१ मधील २९.५४ लाखांवरून १९८१ मध्ये ५७.७२ लाख झाली. ही वाढ केवळ जन्मदराने होणे शक्य नव्हते. व्याख्या बदलल्याचा तो परिणाम होता.

मर्यादा

२०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. पावसाळी पिकानंतर मेळघाटातील अनेक कुटुंबे मजुरीसाठी बाहेर पडतात आणि होळीच्या सुमारास परततात. गणनेच्या संपूर्ण काळात गावाबाहेर असलेली व्यक्ती ती आढळेल त्या ठिकाणी मोजली जाते. त्यामुळे गावाची नोंदलेली लोकसंख्या प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकते. शाळा, आरोग्यसेवा व मतदारसंघ यांचे नियोजन या आकड्यांवर अवलंबून असल्याने ही तफावत महत्त्वाची ठरते.